आधी हाक, मग दोर

त्या वर्षी वारा कोरडा सुटला तो सुटलाच. वाखाला, म्हणजे दोराच्या तंतूंना, हवेतली थोडी ओल लागते. ती नसली की धागा बोटांत मोडतो आणि वळायला घेतलेला पेड मध्येच तुटतो. म्हणून दोरवाल्याच्या घरात उजाडायच्या आत काम सुरू व्हायचं. भिजवून ठेवलेला वाख पिळायचा, ऊन चढेपर्यंत जेवढं होईल तेवढं वळून घ्यायचं, आणि मग दिवसभर वाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसायचं. वाऱ्याला त्याचं काही नव्हतं.

त्यात दोरवाल्याचा खांदा निखळलेला. ते कसं झालं ते आधी सांगायला हवं.

दोर वळायचं काम लांबलचक असतं. घरामागे झाडांच्या रांगेतून एक सरळ वाट होती. तिच्या एका टोकाला चाक, चाकाला तीन आकडे. दुसऱ्या टोकाला दगड ठेवलेली लाकडी घसरगाडी. चाक फिरलं की पेडांना पीळ बसतो, दोर आखडत जातो आणि घसरगाडी हळूहळू पुढे सरकते. या टोकाच्या माणसाला त्या टोकाचं तोंड धड दिसत नाही. म्हणून घरात एक रीत होती: काहीही करायच्या आधी हाक द्यायची. ‘लावलं!’ ‘फिरवतो!’ ‘सोडतो!’ आणि समोरून ‘हो!’ आल्याशिवाय हात हलवायचा नाही. भरल्या पिळाचा दोर न सांगता सोडला तर माणूस कुठला, बैल लोळेल. दोरवाल्याचा धाकटा भाऊ मदतीला आला होता. त्याला शिंक आली आणि त्याने दोर सोडला. दोरवाला आकड्यांवर जाऊन आदळला, आणि भाऊ वर म्हणतो कसा, ‘आता शिंकायची पण हाक द्यायची का?’

तेव्हापासून दोरवाला हात गळ्यात बांधून ओट्यावर बसलेला. आबा, म्हणजे त्याचा बाप, दम्याने अर्धे झालेले. उरल्या बायको आणि मुलगी. मुलगी पंधरा वर्षांची. लहानपणी अंगणात स्वतःभोवती गरागरा फिरायची म्हणून आबांनी तिला भिंगरी म्हटलं, ते नाव शाळेतल्या पोरांनी चिडवायला उचललं. तिने कधी मनावर घेतलं नाही. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून ‘स्वमग्न आहे’ असं सांगितलं होतं, नीट समजावूनही दिलं होतं. आबांनी घरी आल्यावर एवढंच विचारलं, ‘पोरगी तीच परत आणलीत ना? मग झालं तर.’

भिंगरी बोलायची थोडं, एकेक शब्द मोजून. अंगाला कुणी अचानक हात लावला की ओरडायची. पण चाकावर बसली की तिच्यासारखं एकसारखं फिरवणारं घरात कुणी नव्हतं. पहाटे ती चाक फिरवायची, आणि वेळ झाली की ‘सोडते!’ म्हणून हाक देऊन, आईचा ‘हो’ घेऊन, हातपाय धुऊन शाळेत जायची. पाऊस असो, ताप असो, शाळा तिने बुडवली नव्हती.

आणि त्या शाळेतून आईला बोलावणं आलं.

हेडसर काही वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. त्यांनी ‘बसा’ म्हटलं, पण खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा होता. तो कुणी उचलला नाही, म्हणून आई उभीच राहिली. बाहीला वाखाचे धागे चिकटले होते, ते ती एकेक काढत राहिली. कोपऱ्यात गणिताचे सर बसले होते. त्यांच्या मनगटाला पट्टी होती.

‘सराव परीक्षेला काय झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल,’ हेडसर म्हणाले. ‘घंटा वाजली आणि ही बाकाखाली शिरली. किंचाळायला लागली. सरांनी हात धरून बाहेर ओढली, तर...’

‘चावली,’ गणिताचे सर म्हणाले. ‘कडकडून चावली.’

आईने मान खाली घातली.

‘वार्षिक परीक्षेला सगळे वर्ग नव्या हॉलमध्ये एकत्र बसणार. बाकीच्यांच्या वर्षाचा प्रश्न आहे. सगळ्यांचं बघावं लागतं मला,’ हेडसर म्हणाले. ‘घरी कामात चांगली आहे म्हणता ना? मग ठेवा घरीच. तिलाही त्रास नाही, कुणालाच नाही.’

परीक्षा नाही म्हणजे वरचा वर्ग नाही, आणि वरचा वर्ग नाही म्हणजे शाळा संपली. आईला ते कळत होतं. तरी तिच्या तोंडून निघालं, ‘बरं.’

हे ‘बरं’ तिला रस्ताभर चावत राहिलं. त्याहून वाईट म्हणजे, मनाच्या तळाला तिला थोडं हायसंही वाटलं होतं. चाकाला दिवसभर हात मिळणार होता. त्या हायशाची तिला एवढी लाज वाटली की घरी आल्यावर ती कुणाकडे न बघता पाणी भरायला गेली.

‘झालं ते बरंच झालं म्हणायचं,’ दोरवाला म्हणाला. ‘तिला तिथे कोण विचारतंय? इथे तिच्यावाचून अडतंय.’

‘तिला सांगायचं कुणी?’ आबांनी विचारलं.

कुणीच सांगितलं नाही. दोर सोडायचा झाला तर हाक देणारी ही माणसं, पोरीच्या हातातून शाळा सोडवताना गप्प बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे आई एवढंच म्हणाली, ‘शाळेला सुटी आहे.’

भिंगरीने चाक फिरवलं. वेळ झाली तशी ‘सोडते!’ म्हणाली. समोरून ‘हो’ आला नाही तरी ती थोडा वेळ थांबून उठली. तेवढ्यात रस्त्याने दप्तरं घेतलेली पोरं चालली होती. तिने पोरांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. मग आत जाऊन वेणी घातली आणि निघून गेली.

शाळेचा शिपाई फाटकात उभा होता. ‘तुला आत सोडायचं नाही असं सांगितलंय, पोरी,’ तो म्हणाला. ती परत फिरली नाही, रडली नाही, आतही घुसली नाही. फाटकाच्या खांबाला पाठ लावून शाळा सुटेपर्यंत उभी राहिली. आई न्यायला आली तेव्हाही हलली नाही. पोरं घरी निघाली तेव्हा त्यांच्यासारखी निघून आली. वाऱ्याने तिचे ओठ फुटले होते.

त्यानंतर तिने चाकाला हात लावणं बंद केलं. रोज शाळेच्या वेळी फाटकात जाऊन उभी राहायची आणि पहाटे ओट्यावर पाठ करून बसायची. आईने गोडीत सांगितलं, दोरवाल्याने दरडावून पाहिलं. आबा मात्र खोकत खोकत हसले. ‘सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. दोरवाल्याच्या घरची ना ती!’

एका सुटीच्या सकाळी भिंगरीच्या वर्गाच्या नव्या बाई चौकशी करत घरी आल्या. वयाने लहान, पायात धुळीने भरलेले बूट. अशा मुलांना शिकवायचा त्यांनी कोर्स केला होता आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही हे त्या स्वतःच सांगायच्या. ‘रंगीत चित्रं लावली तिच्यासाठी,’ त्या आईला म्हणाल्या. ‘तिने सगळी काढली, भिंतीवर एका सरळ रेषेत लावली आणि परत त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला काहीतरी सुचवा. ती रोज फाटकात उभी असते, मला वर्गात शिकवताना तिच्याकडे बघवत नाही.’

‘मला काय सुचणार, बाई? मला सुचलं असतं तर...’ आई म्हणाली. काम अर्धवट पडलं होतं. चाकावर आबा बसले होते आणि त्यांची धाप वाटेच्या या टोकापर्यंत ऐकू येत होती. घसरगाडीपाशी कुणी नव्हतं.

‘मी धरू का?’ बाई म्हणाल्या.

आईने नको नको म्हणत त्यांना दोर धरायला दिला. बाईंचे तळहात मऊ, वाख रखरखीत. थोड्याच वेळात त्यांना चटका बसला आणि ‘आई गं’ म्हणत त्यांनी दोर सोडून दिला. नशीब, पीळ अजून भरला नव्हता. दोर उसळला, वाटेत गुरफटून पडला, आणि ओट्यावर पाठ करून बसलेली भिंगरी ताडकन उठली.

‘हाक!’ ती ओरडली. ‘हाक नाही! हाक दे! आधी हाक!’

ती तरातरा आली. गुंता सोडवला, दोर बाईंच्या हातात दिला आणि स्वतः चाकावर जाऊन आबांना उठवलं. इतक्या दिवसांनी तिने चाकाला हात लावला होता.

‘लावलं?’ भिंगरीने विचारलं.

‘लावलं,’ बाई म्हणाल्या.

‘फिरवते!’

बाई गप्प. चाकही गप्प.

‘हो म्हणा, बाई,’ आईने सांगितलं. ‘तुम्ही हो म्हटल्याशिवाय ती फिरवायची नाही.’

‘हो!’ बाई ओरडल्या, आणि चाक फिरलं.

दोर पुरा झाल्यावर आई आणि बाई ओट्यावर टेकल्या. बाई तळहातांवर फुंकर घालत होत्या. फुंकता फुंकता थांबल्या. ‘शाळेत ती किंचाळते ना, ते घंटेला नाही किंचाळत. न सांगता वाजते म्हणून किंचाळते. आणि सरांनी हात धरला तोही...’

‘न सांगता,’ आई म्हणाली. तिला घरातली रीत घरात इतकी अंगवळणी पडली होती की बाहेर जगात ती नसते हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि मग तिला स्वतःचं आठवलं. ती उठून चाकाकडे गेली. हात न लावता, थोडं लांब उभी राहिली.

‘शाळेला सुटी नव्हती,’ ती म्हणाली. ‘मी खोटं बोलले. हेडसर म्हणाले, तुला पाठवू नका. आणि मी बरं म्हटलं. उद्या मी जाऊन त्यांना सांगते, ती येणार. मग तू जायचं.’

भिंगरी आकड्यांवरचा वाख झाडत होती. बराच वेळ झाडत राहिली. मग म्हणाली, ‘हो.’

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत खुर्चीवर पुन्हा वह्या होत्याच. आईने त्या उचलून टेबलावर ठेवल्या आणि ती बसली. बाई बाजूला उभ्या राहिल्या. दोघींनी मिळून सांगितलं, एकीचं राहिलं ते दुसरीने.

‘म्हणजे घंटा आता हिला विचारून वाजवायची?’ हेडसर म्हणाले. ‘आमंत्रणपत्रिका छापू का?’

‘विचारून नाही, सांगून,’ आई म्हणाली. ‘कुणी तोंडावर पाणी मारायच्या आधी सांगितलं तर तुम्हीही डोळे मिटता ना, सर? तेवढंच.’

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाले, ‘पहिला पेपर. एक पेपर हॉलमध्ये देऊ दे. काही गडबड झाली तर त्याच दिवशी संपलं. मग तुम्ही मला काही म्हणायचं नाही.’

परीक्षेला थोडेच आठवडे होते. शिपाई आधी भडकला. त्याचा जन्म घंटा वाजवण्यात गेला होता आणि आजवर त्याने कुणाची परवानगी घेतली नव्हती. पण बाईंनी त्याला चहा पाजला, आणि तो वर्गाच्या दारात येऊन, अंग चोरून म्हणाला, ‘वाजवतो!’ भिंगरीने कान झाकले, मान हलवली, ‘हो!’ म्हणाली. घंटा वाजली. ती बाकावरच होती. शिपायाला एवढं भरून आलं की त्याने घंटा जरा जास्तच वाजवली. पुढे तर त्याचं वेडच झालं. एकदा भिंगरी मागच्या नळावर पाणी प्यायला गेली होती, तिचा ‘हो’ मिळेना, तर गडी दोरी धरून उभा राहिला आणि सगळी शाळा मधल्या सुटीसाठी ताटकळली.

वर्गातली पोरं आधी हसली, मग त्यांनाच ते आवडलं. बाई फळा पुसायच्या आधी ‘पुसते!’ म्हणू लागल्या. एका मुलाला अक्षरं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसायची, त्याचं लिहून कधीच व्हायचं नाही. तो पहिल्यांदाच ओरडला, ‘नको! थांबा!’ बाई थांबल्या. एक अडखळत बोलणारी मुलगी होती. तिला ‘आता तुझी पाळी येणार’ असं आधी सांगितलं की निम्मं अडखळणं कमी व्हायचं. बाईंनाही हे नवीनच होतं.

राहिले गणिताचे सर. पहिल्या पेपरला हॉलवर देखरेख त्यांचीच होती. आई त्यांना शाळेच्या वाटेवर गाठून म्हणाली, ‘सर, चावली त्याबद्दल माफ करा. न सांगता हात लावला की ती घाबरते.’

सर मनगट चोळत राहिले. पट्टी गेली होती, दातांचे वण होते. ‘घरी मी कुत्रं चावलं म्हणून सांगितलंय,’ ते म्हणाले. ‘विद्यार्थिनी चावली म्हणायची लाज वाटली. बायको अजून गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारते. चुकी ना त्याची ना हिची.’ आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

परीक्षेच्या दिवशी वारा पिसाळला होता. आईने चाक झाकून ठेवलं आणि ती शाळेच्या आवारात हॉलच्या खिडकीपाशी उभी राहिली. आणखी आईबाप होते. त्यांच्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, ‘तीच ना ही, चावणाऱ्या मुलीची आई?’ आणि दोघी जरा सरकून उभ्या राहिल्या. आईने ऐकलं, पण मान वळवली नाही. आतमध्ये भिंगरी खिडकीशेजारच्या बाकावर बसली होती. शिपायाने ‘वाजवतो!’ म्हटलं, तिने ‘हो!’ म्हटलं, घंटा झाली. सर म्हणाले, ‘कागद वाटतो!’ आणि वाटले. भिंगरी लिहायला लागली. आईने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात छपरावरचा एक पत्रा वाऱ्याने उचलला आणि धाडकन आदळला.

सगळा हॉल दचकला. दौत सांडावी तशी पोरं बाकांवरून इकडेतिकडे झाली, कुणी किंचाळलं. आणि भिंगरीचं बाक रिकामं दिसलं. ती खाली होती, कान झाकून, गुडघ्यांत डोकं घालून झुलत होती, आणि तिच्या तोंडातून तो आवाज सुरू झाला होता. आईने खिडकीचे गज धरले. तिला वाटलं, संपलं. शिंकेची आणि वाऱ्याची हाक कोण देणार?

गणिताचे सर धावले आणि बाकापासून हातभर अंतरावर थांबले. दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग, एवढा मोठा माणूस, पोरांसमोर जमिनीवर उकिडवा बसला.

‘पत्रा आहे,’ ते म्हणाले. ‘सुटलाय. वारा आला की वाजणार. परत वाजणार. मी हात लावत नाही.’

ती झुलतच होती. सर तसेच बसून राहिले. पोरं पेपर सोडून बघत होती.

‘परत?’ बाकाखालून आलं.

‘परत. मला कधी ते सांगता येत नाही.’

भिंगरीने डोकं वर केलं. खिडकीतून आवाराच्या कडेची झाडं दिसत होती. दूरचं झाड वाकलं, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्या अलीकडचं. तिने कान घट्ट दाबले आणि खणखणीत ओरडली, ‘आला!’

धाड!

या वेळी कुणी दचकलं नाही. सगळ्यांनी तिच्याबरोबरच कान झाकले होते.

ती बाकाखालून निघाली. जागेवर बसली, पेन उचललं, आणि लिहिता लिहिता एक डोळा झाडांवर ठेवला. झाडं वाकली की पेन खाली. ‘आला!’ पोरांचे हात कानांवर. धाड! पेन वर. हॉल पुन्हा लिहायला लागे. अक्षरं मिसळणारा मुलगा तर तिच्या हाकेची वाट बघून तेवढ्यात बोटं मोकळी करून घ्यायला लागला.

आवाज ऐकून हेडसर तरातरा आत आले. ‘परीक्षेत ओरडतंय कोण?’

‘भिंगरी, सर,’ गणिताचे सर म्हणाले. ‘वाऱ्याची हाक देतेय. तिच्यामुळे पोरं लिहितायत.’

‘म्हणजे काय? हा काय...’

‘आला!’ भिंगरी म्हणाली.

सगळ्या हॉलने कान झाकले. हेडसर तेवढे बोलतच राहिले. धाड झालं आणि ते जागच्या जागी असे उडाले की चष्मा नाकावरून सुटून पहिल्या बाकावर पडला. हॉलभर हसू फुटलं. खिडकीबाहेरचे आईबापही हसले. मघाशी सरकलेल्या दोघी हसता हसता भिंगरीच्या आईला येऊन चिकटल्या. हेडसरांनी चष्मा उचलला, घातला, आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. पुढच्या ‘आला!’ला त्यांनीही कान झाकले. आईने ते डोळे भरून पाहिलं. आपल्या पोरीच्या एका शब्दावर अख्खी शाळा हात उचलते, हे बघायला आबा इथे हवे होते, असं तिला फार वाटलं.

पेपर संपला. शिपायाने हाक दिली, भिंगरीने ‘हो’ दिला, घंटा झाली. ती बाहेर आली ती बोटांना लागलेली शाई बघत.

‘कसा गेला गं?’ आईने विचारलं.

‘सगळा,’ भिंगरी म्हणाली आणि घराच्या वाटेला लागली.

मागून हेडसर फाटकापर्यंत आले.  वाऱ्याने उडणारे केस दाबत ते आईसमोर उभे राहिले.

‘उद्या इतिहासाचा पेपर आहे,’ ते म्हणाले. ‘तिला वेळेवर पाठवा. पत्रा मी मुद्दाम तसाच ठेवतोय असं नाही, पण सुतार उद्या येईल की नाही सांगता येत नाही. ती असलेली बरी.’

‘पाठवायची कशाला, सर?’ आई म्हणाली. ‘ती काय थांबणारे?’

आणि ती मोठ्याने हसत, तोवर वळणापर्यंत पोचलेल्या पोरीच्या मागे पळत सुटली.